दोन आडनावांची एकच लेखिका

पत्र थोडक्यात : मराठवाड्यातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवणाऱ्या सहयोगी प्राध्यापिकेचं हे पत्र आहे. पीएच.डी. आणि सुरुवातीचे अकरा लेख माहेरच्या नावावर, त्यानंतरचे तीसेक लेख सासरच्या नावावर. बहुतेक लेखन मराठी नियतकालिकांत आणि चर्चासत्रांच्या पुस्तकांत. इंग्रजीत फक्त सहा लेख. पदोन्नतीच्या तयारीसाठी झालेल्या बैठकीत कुणीतरी पडद्यावर गूगल स्कॉलर, म्हणजे संशोधनलेख शोधून देणारं गूगलचं संकेतस्थळ, उघडलं. बाईंच्या नावावर सात नोंदी आल्या, त्यांतल्या दोन कापसावरच्या किडीबद्दलच्या. "मॅडम, ऑनलाइन तर तुमचं काहीच दिसत नाही," असं एक सहकारी सर्वांदेखत म्हणाले. आता ओळखीचा एक तरुण पंधरा हजारांत 'सगळी प्रोफाइलं' करून द्यायला तयार आहे. त्याला ईमेल आणि पासवर्ड हवा आहे. त्या विचारतात : पैसे देऊन मोकळं व्हावं का? राजपत्रात नाव बदलून सगळं एकाच नावावर आणता येईल का? पत्राची शेवटची ओळ अशी : "आपणच आपलं नाव असं मांडत बसायचं, याचा मला फार संकोच वाटतो."

ताई,

भर बैठकीत ते वाक्य ऐकताना काय वाटलं, हे तुम्ही लिहिलेलं नाही. पण पत्र वाचताना ते कळतं. 'ऑनलाइन काहीच दिसत नाही' याचा अर्थ त्या खोलीत 'काहीच नाही' असा घेतला गेला, आणि मला वाटतं, तुम्हीही तो थोडासा तसाच मनावर घेतलात. म्हणून आधी पडद्यावर जे दिसलं ते काय होतं ते पाहू.

गूगल स्कॉलर २००४ साली सुरू झालं. ते कुणी माणसं बसून तयार करत नाहीत. प्रकाशकांची संकेतस्थळं, विद्यापीठांची ऑनलाइन भांडारं, तिथल्या पीडीएफ फाइली आणि त्यांतल्या संदर्भसूच्या यंत्र वाचतं आणि त्यातून नोंदी उचलतं. जे कागदावरच आहे ते त्याला दिसत नाही. तुमचे तीसहून जास्त लेख ज्या अंकांत आले, त्यांतले बरेच अंक संकेतस्थळावर चढलेलेच नसतील. आणि जे चढले आहेत, त्यांची एक वेगळीच अडचण आहे. मराठी मजकूर वर्षानुवर्षं श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटांमध्ये जुळवला गेला. अशी पीडीएफ डोळ्यांना सुरेख मराठी दिसते, पण आत साठवलेली अक्षरं देवनागरी नसतात. हे घरच्या घरी तपासता येतं. फाइलमधली एक ओळ कॉपी करा आणि व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा. तिथे चित्रविचित्र रोमन अक्षरं आणि चिन्हं उमटली, तर यंत्रालाही तुमचा लेख तसाच दिसतो. ओळ निवडताच आली नाही, तर ते पान म्हणजे नुसता फोटो आहे. सहकाऱ्यांनी त्या दिवशी तुमचं नाव इंग्रजीत टाइप करून पाहिलं असणार. सात नोंदी आल्या, हेच मला विशेष वाटतं.

आता संकोचाबद्दल. एकतीस वर्षं मी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काढली. तालिकेची कार्डं हाताने लिहायचो तेव्हापासूनची मी. लेखकाच्या नावाचं कार्ड हे लेखकाच्या कौतुकासाठी असतं, असं आमच्यापैकी कुणाच्या मनातही आलं नाही. ते दाराशी उभ्या असलेल्या वाचकासाठी असतं. रंगनाथनांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली, त्यांतलं चौथं सूत्र वाचकाचा वेळ वाचवा, एवढंच सांगतं. तुमच्या लेखनाची नोंद नीट असणं हे त्यातच येतं. आणि नोंद नसली तर काय होतं, ते मी पाहिलं आहे.

काही वर्षांपूर्वी एक विद्यार्थिनी ओव्यांवरच्या प्रबंधाचं प्रकरण घेऊन माझ्याकडे आली. संदर्भ तपासून हवे होते. तिने एका ठिकाणी मोठ्या उत्साहाने लिहिलं होतं की या मुद्द्यावर दोन अभ्यासिकांचं एकमत आहे, आणि दोघींचे लेख दिले होते. त्या दोघी नव्हत्याच. एकाच बाईंचे, लग्नाआधीचा आणि नंतरचा, असे ते दोन लेख होते. पहिल्या लेखात त्यांनी जे अंदाजाने मांडलं होतं, ते बारा वर्षांनी पुराव्यानिशी सिद्ध केलं होतं. एका माणसाच्या विचाराचा केवढा मोठा प्रवास, आणि त्या प्रकरणात त्याची दोन परक्या मतांची बेरीज झाली होती. मुलीची चूक नव्हती. दोन्ही नावं एकाच बाईंची आहेत, हे तिला सांगणारं कुठेही काही लिहिलेलं नव्हतं. त्या बाई तेव्हा हयात नव्हत्या. त्यांना विचारण्याचीही सोय उरली नव्हती.

म्हणून तुमच्या नावाचा प्रश्न मला पदोन्नतीपेक्षा मोठा वाटतो. आपल्याकडे लग्नानंतर बाईचं आडनाव बदलतंच, शिवाय मधलं नावही बदलतं. वडिलांच्या नावाचं आद्याक्षर जाऊन नवऱ्याचं येतं. काही घरांत पहिलं नावही बदलतात. परदेशी पद्धतीने तयार झालेल्या सूच्या 'आडनाव आणि आद्याक्षरं' एवढ्यावर माणूस ओळखतात. त्यांच्या लेखी तुम्ही एका दिवसात नाहीशा झालात आणि दुसरीच कुणी लिहायला लागली. त्यात रोमन लिपीतल्या लेखनाचा घोळ वेगळा. सोनवणे लिहिताना 'व्ही' की 'डब्ल्यू', क्षीरसागरमध्ये 'आय' एक की 'ई' दोन. हे प्रत्येक संपादकाने आपापल्या मनाने ठरवलेलं असतं. कापसावरच्या किडीचा अभ्यास करणाऱ्या व्यक्तीचं आडनाव आणि आद्याक्षरं तुमच्यासारखीच असणार, म्हणून ते दोन लेख तुमच्याकडे आले. तुमचे काही तिकडे गेले असतील.

राजपत्राने यातलं काहीही सुटत नाही. राजपत्रातली नोंद पुढच्या कागदपत्रांसाठी असते; छापून गेलेल्या अंकावरचं नाव तिने बदलत नाही. आणि बदलावं तरी का? तो लेख त्या नावाच्या मुलीने लिहिला होता. एकच नाव पाहिजे, असं तुम्ही धरून चालला आहात. पाहिजे आहे तो एक क्रमांक, ज्याच्याखाली सगळी नावं नांदतील.

असा क्रमांक २०१२ पासून आहे. त्याला ऑर्किड म्हणतात. सोळा खुणांचा असतो, चार-चारच्या गटांत लिहितात, शेवटच्या जागी कधीकधी अंकाऐवजी 'एक्स' असतो. संशोधकाला तो मोफत मिळतो, आणि नोकरी, गाव, आडनाव काहीही बदललं तरी तोच राहतो. नोंदणीला दहा मिनिटं पुरतात. मात्र आधी तुमचा क्रमांक आहे का ते शोधा. इंग्रजी लेख पाठवताना एखाद्या नियतकालिकाने तो काढायला लावला असेल आणि तुम्ही विसरला असाल, असं फार वेळा घडतं. दोन निघाले असतील तर खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन एक दुसऱ्यात विलीन करता येतो.

त्या पानावर इतर नावांसाठी एक रकाना आहे. आमच्या जुन्या तालिकेत 'पाहा' नोंद असायची, एका नावाच्या कार्डावरून दुसऱ्या नावाकडे पाठवणारी. हा रकाना म्हणजे तीच. माहेरचं पूर्ण नाव, सासरचं पूर्ण नाव, दोन्ही देवनागरीत, दोन्ही रोमन लिपीत, आणि छापताना आलेली आद्याक्षरांची व स्पेलिंगची रूपं, सगळं तिथे भरा. ईमेल दोन द्या, एक महाविद्यालयाचा आणि एक स्वतःचा. निवृत्तीनंतर महाविद्यालयाचा पत्ता बंद होतो, आणि आपल्याच खात्याच्या बाहेर उभं राहायची पाळी येते. नोंदी कुणाला दिसाव्यात याचे पर्याय असतात. लेखनाच्या नोंदी सर्वांसाठी खुल्या ठेवा. बंद ठेवलेली नोंद केली काय आणि न केली काय, सारखीच.

हे वाचणाऱ्या एखादीला आपलं जुनं नाव नव्याशी जोडायचं नसेल, घटस्फोटामुळे किंवा आणखी कशामुळे. तिच्यावर तसं बंधन नाही. ऑर्किडमधलं इतर नावही झाकून ठेवता येतं. गेल्या काही वर्षांत बऱ्याच मोठ्या प्रकाशकांनी, छापून आलेल्या लेखावरचं नाव लेखकाच्या विनंतीवरून गाजावाजा न करता बदलून देण्याचं धोरणही स्वीकारलं आहे. काय उघड करायचं, हे जिचं नाव तिनेच ठरवायचं.

क्रमांक झाला की खरं काम सुरू होतं, आणि ते संगणकापासून लांब, तुमच्या कपाटासमोर आहे. सगळे अंक, पुस्तकं, उताऱ्यांच्या फाइली बाहेर काढा. एका वहीत किंवा एक्सेलमध्ये प्रत्येक लेखाची एक ओळ करा : शीर्षक जसं छापलं तसं, तुमचं नाव जसं छापलं तसं, सहलेखक, नियतकालिक, वर्ष आणि अंक, महिना, पृष्ठं, आणि असेल तर आयएसएसएन (नियतकालिकाचा क्रमांक) किंवा आयएसबीएन (पुस्तकाचा). शुद्धलेखनाची चूक छापली गेली असेल तर तीही तशीच उतरवा, शेजारी टीप लिहा. प्रत्येकाचं मुखपृष्ठ, अनुक्रमणिका आणि पूर्ण लेख स्कॅन करून ठेवा. ही यादी म्हणजे तुमचं मूळ दप्तर. पुढे जिथे जिथे भराल तिथे यातूनच उतरवायचं, कुणा संकेतस्थळावरून नाही. संकेतस्थळं येतात आणि जातात. पदोन्नतीच्या फाइललाही हेच लागतं : छापील पुरावा आणि त्याची नीट यादी. पडदा त्याची जागा घेऊ शकत नाही, हे त्या बैठकीत कुणीतरी म्हणायला हवं होतं.

एखादा अंक हरवला असेल तर हताश होऊ नका. १९५४ च्या कायद्याने प्रकाशकांना पुस्तकाच्या प्रती ठरावीक ग्रंथालयांना पाठवणं बंधनकारक केलं आणि १९५६ मध्ये त्यात नियतकालिकंही आली. त्यामुळे कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबईचं राज्य मध्यवर्ती ग्रंथालय इथे चौकशी करण्यात अर्थ असतो. सगळे प्रकाशक नियम पाळतात असं नाही, पण मी तिथून अनेकदा हवं ते मिळवलं आहे. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयातही विचारा.

मग ऑर्किडमध्ये नोंदी. ज्या इंग्रजी लेखांना डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ओळख क्रमांक, आहे, ते नुसता तो क्रमांक टाकला की माहितीसकट येतात. पुढचे लेख पाठवताना ऑर्किड क्रमांक दिलात आणि परवानगीची जी सूचना येते ती मान्य केलीत, तर बरेच प्रकाशक तुमच्या पानावर नोंद आपोआप पोचवतात. मराठी लेख मात्र हाताने भरावे लागतील. चाळीस लेखांना दोन रविवार धरा. इथे एका गोष्टीत फार लोक चुकतात, म्हणून जरा थांबते. मराठी लेखाचं शीर्षक इंग्रजीत भाषांतर करून तेवढंच लिहितात. मग जो लेख जगात कुठेच छापलेला नाही, त्याची नोंद तयार होते. ग्रंथालयात जाऊन तो शोधणाऱ्याला तो कधीच सापडणार नाही. ऑर्किडमध्ये भाषांतरित शीर्षकासाठी वेगळी जागा दिलेली आहे. मूळ शीर्षक देवनागरीत वर, इंग्रजी त्या जागेत. नियतकालिकाचं नावही देवनागरीत.

प्रकारही खरा लिहा. दिवाळी अंकातला लेख, वृत्तपत्रातलं सदर, संशोधनपत्रिकेतला निबंध, पुस्तकातलं प्रकरण, अनुवाद, हे सगळे वेगवेगळे प्रकार तिथे मिळतात. दिवाळी अंकातला तुमचा लेख कदाचित तुमच्या सर्व निबंधांपेक्षा जास्त लोकांनी वाचला असेल. त्याला त्याच्याच नावाने मांडा. संशोधनपत्रिकेच्या रकान्यात ढकललात, तर तो एक लेख बाकीच्या एकोणचाळिसांबद्दल शंका निर्माण करेल.

गूगल स्कॉलरचं स्वतःचं प्रोफाइल उघडा. महाविद्यालयाच्या ईमेलने ते पडताळून घ्यावं लागतं, नाहीतर शोधणाऱ्याला ते दिसत नाही. पहिलं काम, कापसाची कीड काढून टाका. ते लेख दुसऱ्या कुणाच्या तरी घामाचे आहेत आणि तुमच्या नावावर राहिले तर उद्या बोट तुमच्याकडे दाखवलं जाईल. नवे लेख आपोआप घालू नयेत, आधी ईमेलने विचारावं, असा पर्याय निवडा. आपल्याकडच्या आडनावांना तो आवश्यकच आहे. एकाच लेखाच्या दोन नोंदी झाल्या असतील तर त्या जोडा. मराठी लेख इथेही हाताने घालता येतात, पण हे ध्यानात ठेवा की असा लेख तुमच्या प्रोफाइलवर दिसतो. त्या विषयाचा शोध घेणाऱ्या अनोळखी विद्यार्थ्याला तो एवढ्याने सापडेल अशी खात्री नाही. त्याला सापडायचा तर लेखाचा मजकूर कुठेतरी चढलेला असायला हवा.

तो चढवण्याआधी संपादकांना विचारा. छोट्या मराठी नियतकालिकांशी आपण सहसा करार केलेला नसतो, म्हणून हक्क आपलेच आहेत असं आपण गृहीत धरतो. एक साधं पत्र पाठवा, होकार लेखी घ्या. माझ्या अनुभवात संपादकांना उलट आनंदच होतो. इंग्रजी लेखांच्या बाबतीत प्रकाशकाची अंतिम छापील प्रत बहुधा चढवता येत नाही, पण स्वीकारलेलं हस्तलिखित काही काळाने ठेवायला अनेक प्रकाशक मुभा देतात. त्यांचं धोरण वाचा. विद्यापीठाचं भांडार असेल तर तिथे ठेवा. नसेल तर झेनोडो हे ऑनलाइन भांडार आहे. युरोपातल्या सर्न या संस्थेने २०१३ पासून चालवलेलं, मोफत, आणि तुमच्या मराठी लेखालाही डीओआय देणारं. दर लेखाची वेगळी फाइल, पाच एमबीच्या आत, पहिल्या पानावर वर ठळक शीर्षक आणि त्याखाली लगेच नाव. यंत्राला हे असंच कळतं. जुना लेख फोटोसारखा स्कॅन असेल तर गूगल ड्राइव्हवर चढवून तो गूगल डॉक्समध्ये उघडा. मराठी अक्षरं बऱ्यापैकी ओळखली जातात, पण जोडाक्षरं एकदा नजरेखालून घाला. एवढं सगळ्या चाळीस लेखांचं करू नका. ज्या पाच-सहा लेखांसाठी आपली आठवण राहावी असं तुम्हाला वाटतं, त्यांच्यापासून सुरुवात करा. बाकीच्यांचा निदान दहा ओळींचा युनिकोडमधला, म्हणजे यंत्राला वाचता येणाऱ्या देवनागरीतला, सारांश असला तरी खूप झालं.

उरलेलं थोडक्यात. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या विद्वान या संशोधक-प्राध्यापकांच्या सूचीत तुमचं पान करा आणि तिथे ऑर्किड क्रमांक टाका. तुमचा प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, आहे का पाहा. असेल तर माहेरचं नाव तसंच राहू द्या. ऑर्किडमध्ये प्रबंध म्हणून त्याचा दुवा जोडला की झालं. नाव चुकीचं टाइप झालं असेल तर विद्यापीठाच्या ग्रंथालयात शोधगंगेचं काम पाहणाऱ्यांना लिहा. स्कोपस या आंतरराष्ट्रीय लेखसूचीत सहा इंग्रजी लेखांपैकी काही असले आणि ते दोन लेखकांत विभागले गेले असले, तर ते एकत्र करण्याची विनंती मोफत करता येते. तिथे मराठी नियतकालिकं नाहीत म्हणून खंत करू नका, आणि तिथे दिसण्यासाठी घाईने कुठल्या तरी पैसे घेऊन छापणाऱ्या इंग्रजी पत्रिकेत लेख देऊ नका. ते मी कळकळीने सांगते आहे.

पंधरा हजारांचं उत्तर एव्हाना तुम्हाला मिळालं असेल. वर लिहिलेल्यापैकी एकाही गोष्टीला पैसे पडत नाहीत. पण पैशापेक्षा पासवर्डची मला जास्त काळजी वाटते. असे तरुण वाईट असतात असं नाही, पण त्यांना नोंदींचा आकडा फुगवून दाखवायचा असतो, आणि मिळत्याजुळत्या नावाचे परके लेख त्यात सहज येतात. जबाबदारी मात्र सही करणाऱ्याची. टाइपिंगला मदत हवी असेल तर जरूर घ्या, आणि घेतलीत तर मोबदलाही द्या. ऑर्किडमध्ये विश्वासातल्या व्यक्तीला पासवर्ड न देता नोंदी भरण्याची मुभा देता येते. तुमच्या ग्रंथपालांना विचारा. आम्हाला हे काम आवडतं, आणि प्राध्यापक मंडळी आपण होऊन विचारायला फार कमी वेळा येतात.

मुलाखत महिन्याभरावर असेल तर ऑर्किड क्रमांक, कपाटातली यादी आणि स्कॉलरची साफसफाई, एवढंच उरका. फाइलच्या पहिल्या पानावर तो क्रमांक आणि खाली एक ओळ लिहा : लेख क्रमांक १ ते ११ पूर्वाश्रमीच्या नावाने प्रसिद्ध. कुणी विचारलं तर त्या ओळीवर बोट ठेवा. बाकीचं काम दिवाळीच्या सुट्टीत होईल. आणि यादीतल्या पहिल्या लेखाचा अंक हाती लागला, की माहेरचं नाव छापलेल्या त्या पानाचा फोटो मला नक्की पाठवा. तो कशावर होता, हे तुम्ही पत्रात लिहायचं राहून गेलं आहे.